‘सोबत कोण?’ : सांगली जिल्ह्यातील एका सुनेच्या काळजीभाराचे प्रकरण

आमच्या केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली ‘सोबत असलेल्या नातेवाइकाचे नाव व नाते’ अशी एक ओळ असते. त्या ओळीत नाव आणि मोबाइल नंबर भरला की रुग्णालयाच्या लेखी त्या माणसाचे काम संपते. पुढे त्याला हाक मारायची ती रक्ताची पिशवी आणायला, सही करायला किंवा डिस्चार्जच्या वेळी. या प्रकरणातील बाई अनेक वर्षे सासूच्या केसपेपरवर त्या एका ओळीत होत्या. ऑगस्ट 2024 मध्ये बाजारातून येताना रस्त्यात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावाचा केसपेपर पहिल्यांदा निघाला. रक्तदाब 170/104 होता. रक्तदाबाची गोळी आमच्याकडेच मोफत मिळते, पण त्यांनी ती तीन महिने नेलेली नव्हती. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, कागदाच्या कोपऱ्यात ‘घरगुती ताण’ असे लिहिले आणि त्यांना समाजसेवा विभागात माझ्याकडे पाठवले. ओळख पटू नये म्हणून वये, व्यवसाय आणि काही कौटुंबिक तपशील येथे बदलले आहेत.

बाईंचे वय 51. पती सूतगिरणीत पाळीने कामाला. मुलीचे लग्न झालेले, मुलगा पुण्यात शिकणारा. घरात 79 वर्षांच्या सासूबाई, ज्यांना सून आत्याबाई म्हणते. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पश्चात आत्याबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. चार वर्षांपूर्वी मिरजेच्या एका रुग्णालयात त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचे निदान झाले. थोरला मुलगा पुण्यात स्थायिक, मुलगी इचलकरंजीत. बाई घरी शिलाईकाम करतात. ब्लाउज आणि फॉल-पिको यांतून पूर्वी घरखर्चाचा बराचसा भाग निघत असे.

आमची पहिली योजना आणि तिची चूक

पहिल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे काळजीभार मोजण्याची झारिट प्रश्नावली घेतली. तिच्यात 22 प्रश्न असतात आणि गुण 0 ते 88 या मर्यादेत येतात. जितके गुण जास्त तितका भार जास्त. बाईंचे गुण 58 आले. ‘ही काळजी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी असे वाटते का’ अशा अर्थाच्या प्रश्नापाशी त्या थांबल्या, दाराकडे पाहिले आणि उत्तर न देता पुढचा प्रश्न विचारा म्हणाल्या. मी त्या प्रश्नाला गुण दिले नाहीत, त्यामुळे 58 हा आकडाही कमीच धरायला हवा.

त्यानंतर मी जी योजना आखली ती कागदावर निर्दोष होती. दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता समुपदेशन, महिन्यातून एकदा मिरजेत होणारी काळजीवाहकांची बैठक, ज्येष्ठांसाठीची 14567 आणि मानसिक आरोग्यासाठीची 14416 या दोन हेल्पलाइन, शिवाय श्वसनाच्या व्यायामाचे एक पत्रक. बाई एका गुरुवारी आल्या, नंतर दोन गुरुवार आल्या नाहीत. फोन केला तेव्हा म्हणाल्या, “मॅडम, तुमच्याकडं यायचं तर आत्याबाईंना आत ठेवून बाहेरनं कडी लावून यायला लागतंय. गेल्या खेपेला तशीच आले होते.” म्हणजे त्यांचा ताण हलका करण्यासाठी मी त्यांना बोलावले त्या पाऊण तासात एक गोंधळलेली वृद्धा बंद घरात एकटी होती, आणि बाई माझ्यासमोर बसून मनाने त्या कडीपाशी होत्या. रक्तदाबाची गोळी तीन महिने का नेली नाही, याचे उत्तरही त्याच कडीत होते. आमची असंसर्गजन्य आजारांची ओपीडी सकाळची असते, एसटीने जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो आणि ती गोळी घरपोच देण्याची सोय त्यांच्यासाठी कुणी विचारली नव्हती.

काळजीवाहकांसाठीच्या आपल्याकडील बहुतेक सेवांची रचना अशीच आहे, असे माझे मत झाले आहे. बैठक असो की प्रशिक्षण, ते घ्यायला काळजीवाहकानेच बाहेर पडायचे, आणि तो बाहेर पडू शकत नाही हाच तर मूळ प्रश्न. 14567 ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. माहिती मिळवायला ती उपयोगी आहे, पण या घरात खरी अडचण रात्री आठनंतर सुरू होत असे. चोवीस तास चालणाऱ्या 14416 या क्रमांकावर बाईंनी पुढे दोनदा मध्यरात्री फोन केला आणि पलीकडे कुणीतरी शांतपणे ऐकून घेतले, इतके तरी त्यांना मिळाले.

भिंतीवरची दिनदर्शिका

सप्टेंबरमध्ये मी घरी गेले. दाराच्या कडीला शेळीच्या गळ्यातले घुंगरू बांधलेले होते, कारण आत्याबाई रात्री “मला घरी जायचंय” म्हणत दार उघडतात आणि आवाज झाला तरच सुनेला जाग येते. ‘घर’ म्हणजे त्यांचे माहेर. तासगावकडचे, साठ वर्षांपूर्वीचे. खिडकीपाशी शिलाई मशीन झाकून ठेवलेले, त्यावर गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाचलेली अकरा ब्लाउजपिसे. त्यातली तीन गौरी-गणपतीआधी द्यायची होती आणि गौरी येऊन गेल्या होत्या.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक आकडे लिहिलेले होते : 11.40, 1.15, 2.30, 4. हे काय म्हणून विचारले, तर आत्याबाई रात्री किती वाजता उठल्या त्याची ती नोंद होती. दीड वर्षापूर्वी एका डॉक्टरांनी “लिहून ठेवा” असे सांगितले होते. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर होते. त्यांनी विचारले नाही आणि बाईंनीही आपणहून दाखवले नाही. पण लिहायचे त्यांनी थांबवले नव्हते, दिनदर्शिका बदलली तरी.

ती पाने मी मोबाइलवर टिपली आणि आमच्या फिजिशियनना दाखवली. आत्याबाईंच्या औषधांच्या पट्ट्याही सोबत नेल्या होत्या. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीचे प्रमाण वाढवणारा घटक होता आणि ती गोळी रात्री नऊ वाजता, जेवणानंतर दिली जात होती, कारण पाकिटावर औषधविक्रेत्याने तशी खूण करून दिली होती. आत्याबाई उठत होत्या त्या मुख्यतः लघवीसाठी; उठल्यावर अंधारात जागा ओळखू येत नसे, मग भीती, मग “घरी जायचंय”, मग दार. डॉक्टरांनी गोळी सकाळी दिली, संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद करायला सांगितला, लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग निघाला त्यावर उपचार केले आणि शौचालयाच्या वाटेवर एक लहान दिवा रात्रभर ठेवायला सांगितले. पंधरा दिवसांनी दिनदर्शिकेत रात्रीला चार-पाच ऐवजी एक किंवा दोन आकडे दिसू लागले. डिमेन्शिया झालेल्या माणसाची अस्वस्थता एकाएकी वाढली तर आजार वाढला असे धरून चालण्याआधी संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणे आणि औषधे तपासायची असतात, हे वैद्यकातले साधे ज्ञान आहे. या घरात ते पोहोचायला दीड वर्ष लागले, आणि पुरावा सगळा वेळ भिंतीवर होता.

या सगळ्या प्रकरणात बाईंना सर्वांत जास्त उपयोग झालेली ‘काळजीवाहक सेवा’ कोणती, असे मला विचारले तर मी औषधाची वेळ बदलणे हीच सांगेन. ती रुग्णाच्या खात्यावर नोंदली गेली. झोप मात्र सुनेला मिळाली.

चार तासांची मोकळीक

दुसरी गरज होती ती दिवसाच्या मोकळ्या वेळेची. तालुक्याच्या गावी वृद्धांसाठी दिवसभराचे केंद्र नाही. सांगलीच्या ब्युरोची, म्हणजे घरी काळजी घ्यायला माणसे पुरवणाऱ्या संस्थेची, बाई बारा तासांसाठीच मिळते आणि तिचा महिन्याचा खर्च पतीच्या निम्म्याहून अधिक पगाराएवढा होत होता. म्हणून आम्ही गल्लीतल्याच बचत गटात विचारले आणि दुपारी बारा ते चार बसायला एक विधवा बाई तयार झाल्या. आमच्या परिचारिकेने दोन फेऱ्यांत त्यांना उठवणे-बसवणे, भरवणे आणि शौचाला नेणे दाखवले. नवव्या दिवशी त्या काम सोडून गेल्या, कारण आत्याबाईंनी शेजारणीसमोर “हिनं माझी पाटली चोरली” म्हणून ओरडा केला होता. चोरीचा असा ठाम संशय हे डिमेन्शियाचे नेहमीचे लक्षण आहे, पण ते आधी सांगायचे मला सुचले नव्हते. गरीब बाईच्या दृष्टीने चोरीचा आळ म्हणजे गल्लीतले पुढचे सगळे काम जाणे. त्यांचे काहीच चुकले नाही.

दुसऱ्या बाई आल्या तेव्हा मी आणि सूनबाई दोघींनी त्यांना आणि शेजारच्या दोन घरांनाही आजाराची माहिती आधी दिली. पाटलीसारख्या दिसणाऱ्या बेन्टेक्सच्या बांगड्यांची एक डबी आत्याबाईंच्या उशाशी ठेवली. संशय आला की डबी उघडायची, मोजायचे, पुन्हा बंद करायचे. या बाई टिकल्या. वाकळीची, म्हणजे गोधडीची, युक्तीही त्यांचीच. आत्याबाई उमेदीत वाकळ शिवायच्या हे कळल्यावर त्यांनी मशीनखालच्या चिंध्यांची पिशवी त्यांच्यासमोर ओतली. आत्याबाई तासन्‌तास त्या चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करतात, घड्या घालतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच पिशवी पुन्हा नवी असते. त्या चार तासांत सूनबाई मशीनवर बसतात. माझी अपेक्षा होती की त्या झोपतील किंवा कुठे बाहेर जातील. पण त्यांना विश्रांतीपेक्षा काम परत हवे होते, हे मला त्यांनीच सांगितले.

भाऊबीजेनंतरची बैठक

दुपारच्या बाईंचे पैसे कुठून द्यायचे, हा प्रश्न सरळ निवृत्तिवेतनापाशी येत होता. आत्याबाईंचे एटीएम कार्ड थोरल्या मुलाकडे पुण्यात होते. “आईचं पैशाचं मी बघतो, इथलं तुम्ही बघा” अशी वाटणी कधीतरी झाली होती आणि तिला कुणी नावे ठेवली नव्हती. थोरल्यांनी पैसे स्वतःसाठी वापरले असे मला म्हणायचे नाही. ते ठेवींत गुंतवले जात होते, ‘आईच्या आजारपणासाठी’. आजारपण चालू आहे आणि ते रोज धाकट्या सुनेच्या हातून चालले आहे, ही गोष्ट मात्र हिशेबात आली नव्हती.

नणंद भाऊबीजेला येणार म्हणून बैठक दुसऱ्या दिवशी, 4 नोव्हेंबर 2024 रोजी, घरीच घेतली. सून भावंडांसमोर बोलणार नाही हे ओळखून मी दिनदर्शिकेची पाने आणि तिच्या चोवीस तासांचा एक साधा तक्ता तेवढा समोर ठेवला. थोरल्यांनी लगेच सुचवले ते आपल्याकडे घरोघरी सुचते तेच : आईला चार-चार महिने प्रत्येकाकडे ठेवू. न्यायाला ते बरोबर दिसते. या आजाराला नाही. नव्या घरात शौचालय कुठे, दार कुठे, माणसे कोण हे सगळे पुन्हा हरवते, आणि मागे एकदा इचलकरंजीला नेले होते तेव्हा आत्याबाई तीन दिवस जेवल्या नव्हत्या, याची आठवण नणंदेनेच करून दिली. शेवटी आत्याबाई हलणार नाहीत, माणसे हलतील असे ठरले. नणंद दर दोन महिन्यांनी आठ दिवस माहेरी येऊन राहणार आणि त्या आठ दिवसांत सूनबाई लेकीकडे जाणार. थोरले दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवणार. ती धाकट्या भावाच्या नव्हे, तर सूनबाईंच्या खात्यात जमा व्हावी एवढा एकच आग्रह मी धरला. त्यावर खोलीत जी शांतता पसरली ती मला लक्षात आहे; सूनबाई उठून चहा करायला गेल्या.

कायद्याच्या दृष्टीने ही वाट सरळ नव्हती, हे नोंदवायला हवे. आत्याबाईंची समज गेल्यावर त्यांच्या वतीने खाते चालवायला तसे कुणालाच मोकळीक नाही. पूर्वी मुखत्यारपत्र केले असते तरी भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार देणाऱ्याची मनःस्थिती बिघडल्यावर ते संपते, आणि पालकत्वासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची या कुटुंबाची तयारी नव्हती. हयातीच्या दाखल्यासाठी मात्र बँकेने आत्याबाईंना शाखेत आणायला सांगितले, तेव्हा सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये दिलेल्या सूचनांचा हवाला देऊन पत्र दिले आणि कर्मचारी घरी येऊन गेला.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदाही मी कुटुंबाला समजावून सांगितला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण मुलांना महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत देण्याचा आदेश देऊ शकते आणि तेथे वकील लागत नाही. अर्ज करण्याची वेळ आली नाही. कायद्याचा उल्लेख झाला एवढ्यानेही थोरल्यांचा सूर थोडा बदलला, असे मला वाटले. त्या कायद्यातल्या ‘अपत्ये’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातवंडे आहेत, सून नाही. म्हणजे ज्या व्यक्तीवर कायद्याने काहीच जबाबदारी टाकलेली नाही तीच सगळे करत होती, आणि जबाबदारीच नसल्यामुळे तिच्या कष्टाचा उल्लेखही कुठे येत नव्हता.

अपंग व्यक्तींच्या 2016 च्या कायद्यात मात्र विनामोबदला काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांचा समावेश ‘काळजीवाहक’ या व्याख्येत स्पष्टपणे आहे आणि कलम 24 मध्ये तीव्र आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांना महिन्याला 600 रुपये देण्याची पद्धत आहे. रक्कम नगण्य आहे, पण ती काळजीवाहकाच्या नावाने निघते. या घराला असे काही मिळवून देणे मला जमले नाही. सत्तर वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर 2024 पासून मिळू लागलेले आयुष्मान वय वंदना कार्ड आम्ही काढून दिले. त्यात वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, पण ते दाखल झाल्यावरचे. डायपर, दुपारची बाई किंवा बुडालेली शिलाई त्यात बसत नाही.

मुलाची पाळी

पतीशी बोलणे सर्वांत अवघड गेले, आणि त्याचे कारण निष्काळजीपणा नव्हते. “आईचं कपडे-बिपडे मी कसं बदलायचं, मॅडम?” हा त्यांचा प्रश्न खरा होता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रियांनी घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्यात वेळ दिल्याचे दिसते. पुरुषांत हे प्रमाण 21.4 टक्के आहे. त्या फरकामागे आळस किती आणि असा संकोच किती, हे आकडे सांगत नाहीत. आम्ही कामे फोडली. औषधांची डबी आठवड्याची भरून ठेवणे, संध्याकाळी गल्लीतून फेरी मारून आणणे, आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात दोन रात्री आईच्या खोलीत झोपणे ही त्यांची. कपडे बदलायचे असतील तरच पत्नीला उठवायचे. डिसेंबरमधल्या एका चौकटीत 2.10 हा आकडा वेगळ्या, मोठ्या अक्षरात होता. त्या रात्री त्यांनी पत्नीला उठवले नव्हते. सकाळी बादलीत भिजवलेले कपडे पाहिल्यावर सूनबाईंना कळले.

घरी जाऊन आधार देण्याच्या या पद्धतीला आपल्या शेजारचाच एक अभ्यास पाठबळ देतो. गोव्यातील दोन तालुक्यांत डिमेन्शियाच्या रुग्णांच्या 81 कुटुंबांवर झालेला हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक गृहसल्लागारांनी सहा महिने घरी जाऊन माहिती, मार्गदर्शन आणि धीर दिला. काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या वागण्याची तीव्रता किंवा काळजीवाहकाचा मोजलेला भार मात्र लक्षणीयरीत्या घटला नाही. आमचा अनुभव याच्याशी जुळतो. आत्याबाई आजही आळ घेतात आणि माहेरी निघतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ किंवा स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन यांनी रुग्णांच्या कुटुंबीयांना एकत्र आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. तालुक्याच्या गावी असे मंडळ उभे राहीपर्यंत आशाताई किंवा बचत गटातील बाईला गोव्यासारखे प्रशिक्षण देणे मला अधिक शक्य वाटते.

सहा महिन्यांनंतर

फेब्रुवारी 2025 मध्ये झारिटचे गुण 43 आले. यावेळी त्यांनी तो वगळलेला प्रश्नही घेतला आणि “कधीकधी” असे उत्तर दिले. त्यामुळे दोन्ही आकड्यांची तुलना तंतोतंत होत नाही. रक्तदाब 138/86. गोळी आता आशाताई महिन्याला घरी देतात. आठवड्याला दहा-बारा ब्लाउज शिवून होतात. नणंद एकदा आठ दिवस राहून गेली; दुसऱ्या वेळी मुलाच्या परीक्षेमुळे आली नाही. थोरल्यांची रक्कम तीन महिने वेळेवर आली, चौथ्या महिन्यात अकरा दिवस उशिरा.

दोन गोष्टी सुटलेल्या नाहीत. आत्याबाईंचे चालणे कमी होत चालले आहे. त्या अंथरुणाला खिळल्या की चार तासांची बाई पुरणार नाही, आणि त्याचा हिशेब भावंडांनी अजून मांडलेला नाही. दुसरे, सूनबाईंचे गुडघे दुखू लागले आहेत आणि अस्थिरोगतज्ज्ञांची ओपीडी बुधवारी सकाळी असते. दुपारच्या बाईंनी एप्रिलपासून बुधवारी नऊला यायचे कबूल केले आहे. जादा तीन तासांचे पैसे कुणी द्यायचे, हे इचलकरंजीहून फोन आल्यावर ठरेल.